सायकलीवरून घंटानादाच्या शोधांत

विद्यार्थिमित्रहो, सायकल आणि घंटा या दोन वस्तूंचा संबंध काय, असें कोणी विचारलें तर आपल्यापैकीं बहुतेकजण हँडलला बसविलेल्या छोट्या घंटीकडे बोट दाखवितील. तो संबंध खराच. परंतु आज ज्या संबंधाविषयीं लिहावयाचें आहे तो याहून मोठा आणि अधिक मौजेचा आहे. इंग्लंडांत असा एक छंद आहे कीं, सुटीच्या दिवशीं सात-आठ मंडळी सायकलींवर बसून खेड्यापाड्यांतून निघतात, वाटेंत लागणाऱ्या चर्चच्या मनोऱ्यांत चढतात, तेथील घंटा अर्धा-पाऊण तास वाजवितात, आणि पुन्हां सायकलींवर बसून पुढच्या गांवची वाट धरितात. अशा रीतीनें एका दिवसांत पांच-सहा मनोरे सहज होतात.

हा छंद प्रथम ऐकणाऱ्यास कांहींसा विक्षिप्त वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व समजून घेतलें, म्हणजे आमच्या देवगडच्या मुलामुलींनींहि तो उचलण्यासारखा आहे, असें दिसून येईल. तें तत्त्व हें कीं, घंटा आपल्याकडे चालत येत नाहीं, आपणांस तिच्याकडे जावें लागतें; आणि तिला वाजविणारे हात नसतील, तर उत्तमांतील उत्तम घंटाहि निव्वळ धातूचा गोळा होऊन राहते.

प्रथम घंटेविषयीं. मोठी घंटा काशाची ओततात. शंभर भागांत सुमारें ७७ भाग तांबें व २३ भाग कथील असें तें मिश्रण असतें. कथिलामुळें धातूला कठीणपणा येतो व नाद दीर्घ काळ टिकतो. परंतु त्याच कारणानें घंटा ठिसूळहि होते, आणि तिच्यावर भलत्या ठिकाणीं आघात झाला तर तिला तडा जातो. तडा गेलेली घंटा बद्द वाजते. मग ती वितळवून पुन्हां ओतण्याशिवाय सहसा गत्यंतर नसतें.

घंटा वाजविण्याच्या मुख्य रीती तीन. आपल्या देवळांत घंटा जागच्या जागीं स्थिर असते आणि भाविक मनुष्य लोलक हालवून टोला देतो. युरोपांतील पुष्कळ चर्चांत घंटाच पाळण्याप्रमाणें झुलवितात आणि लोलक तिच्या कडेवर आपोआप आपटतो. तिसरी रीत इंग्लंडची. तेथें सतराव्या शतकांत घंटा पूर्ण वर्तुळांत फिरविण्याची पद्धति रूढ झाली, आणि सायकलस्वाराला विशेष रुचेल अशी गोष्ट ही कीं, या पद्धतीचा सर्व आधार एका चाकावर आहे.

घंटा एका भक्कम तुळईस बांधलेली असते. तुळईच्या बाजूस एक मोठें लाकडी चाक बसविलेलें असतें, आणि त्या चाकाच्या धांवेवरून एक लांब दोर खालच्या मजल्यावर उभ्या असलेल्या वादकाच्या हातांत येतो. वाजविण्यापूर्वीं घंटेला झोके देत देत इतकें वर नेतात कीं, शेवटीं तिचें तोंड आकाशाकडे होऊन ती उलटी उभी राहते. त्या स्थितींत शेंकडों किलो वजनाची घंटा केवळ तोलावर असते. दोर किंचित् ओढला कीं तोल सुटतो, घंटा खालीं येते, दुसऱ्या बाजूनें वर जाते आणि पुन्हां उलटी उभी राहते. या संपूर्ण फेऱ्यांत टोला एकच पडतो. दुसऱ्या ओढीस ती उलट दिशेनें फिरून पूर्वस्थळीं येते व दुसरा टोला देते. येथें बळाचें काम फारसें नाहीं. नेमक्या क्षणीं ओढणें आणि नेमक्या क्षणीं सोडणें साधलें, म्हणजे दहा-बारा वर्षांचीं मुलेंसुद्धां आपल्या वजनाच्या कित्येक पट जड घंटा फिरवितात.

घंटा एकदां खालीं निघाली कीं तिला थांबवितां येत नाहीं. वेळ थोडा लांबवावयाचा तर तो वर, तोलाच्या जागीं, क्षणभर तिला रोखून. आपल्या क्रीडामहोत्सवांतील मंद सायकलशर्यत ज्यांनीं खेळली असेल त्यांना ही गोष्ट सांगावयास नको. सायकल जवळजवळ उभी आहे, पण पडत नाहीं. तो जो क्षण, त्याच क्षणावर घंटावादकाची सारी कला उभी आहे.

आतां अशा सहा किंवा आठ घंटा एका मनोऱ्यांत टांगल्या आहेत अशी कल्पना करा. सर्वांत उंच सुराची घंटा पहिली व सर्वांत खालच्या सुराची शेवटची. प्रत्येक दोरापाशीं एकेक माणूस. आरंभीं त्या उंचापासून नीचापर्यंत ओळीनें वाजतात. नंतर नायकाची सूचना होतांच क्रम बदलूं लागतो. घंटा जड असल्यामुळें प्रत्येक ओळींत तिला एकाच जागेनें पुढें किंवा मागें सरतां येतें. अधिक उडी तिला साधत नाहीं. चार घंटांचें उदाहरण घ्या. १२३४ या ओळीनंतर २१४३, मग २४१३, ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४, आणि शेवटीं पुन्हां १२३४. यांतील एक आंकड्यावर बोट ठेवून पाहा: ती घंटा एकेक पायरी मागें जाते, शेवटच्या जागीं दोन वेळां वाजते आणि तशीच एकेक पायरी पुढें येते. इतर घंटाहि हाच मार्ग चालतात, मात्र प्रत्येकीचा आरंभ निराळ्या ठिकाणीं होतो. शेवटची सोडून कोणतीहि ओळ दोनदां आलेली नाहीं, हें पडताळून पाहावें.

गणिताच्या तासाला आपण क्रमांतरें शिकतों तीं हींच. तीन घंटांचे ६ क्रम, चारांचे २४, पांचांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५,०४० आणि आठांचे ४०,३२०. इंग्रज घंटावादकांनीं हा हिशेब मनोऱ्यांत उभें राहून केला. रिचर्ड डकवर्थ याचें या विषयावरील पुस्तक १६६८ सालीं निघालें, आणि फेबियन स्टेडमन या मुद्रकाचें १६७७ सालीं. सुमारें पांच हजार क्रम एकहि ओळ पुन्हां न वाजवितां पुरे करणें, यास तेथें 'पील' म्हणतात. त्यास सुमारें तीन तास लागतात. पहिला निर्दोष पील २ मे १७१५ रोजीं नॉर्विच शहरांतील सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट या चर्चांत झाला, असें मानितात. आठ घंटांचे सर्व ४०,३२० क्रम आठच माणसांनीं, बदली न घेतां वाजविल्याचा प्रसंग लफबरो येथील घंटांच्या ओतशाळेंत २७ व २८ जुलै १९६३ रोजीं घडला. त्यास १७ तास ५८ मिनिटें लागलीं. या सर्व काळांत कोणाहि वादकासमोर कागद नसतो. क्रम मुखोद्गत असावा लागतो, आणि डोळे इतरांच्या दोरांवर ठेवून आपली पाळी ओळखावी लागते.

या कलेला सायकलीची जोड कशी मिळाली? खेड्यांतील मनोरे एकमेकांपासून चार-सहा मैलांवर. पूर्वीं दुसऱ्या गांवीं वाजवावयास जाणें म्हणजे पायपीट किंवा घोडागाडीचें भाडें. १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं असलेली व सांखळीनें मागचें चाक फिरविणारी सायकल बाजारांत आणिली. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप यानें हवेचा टायर काढिला. पुढील कांहीं वर्षांत सायकल सामान्य कारागिराच्या आवाक्यांत आली, आणि ज्याला आजवर आपल्याच मनोऱ्याच्या घंटा ठाऊक होत्या, तो शेजारच्या दहा गांवांच्या घंटा ओळखूं लागला. स्त्रियांनाहि या दोन्ही गोष्टींनीं नवें क्षेत्र मोकळें केलें. अ‍ॅलिस व्हाइट या बाईंनीं १८९६ सालीं पील वाजविला. पुरा पील वाजविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

मोटारगाड्या आल्यावरहि सायकलीचें महत्त्व या छंदांत कमी झालें नाहीं, याचें कारण उघड आहे. मोटारीच्या आवाजांत घंटा ऐकूं येत नाहीं. सायकलस्वाराला ती मैलभर अलीकडून ऐकूं येते, आणि रस्ता न विचारतां तो नादाच्या रोखानें जाऊं शकतो. शिवाय एका ओळींत, ठराविक अंतर राखून, पुढच्याच्या चाकावर नजर ठेवून जाणें ही जी सायकलस्वारांची शिस्त, तीच मनोऱ्यांतील शिस्त होय.

या कलेवर वाईट दिवसहि आले. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडचे सुमारें १,४०० घंटावादक कामास आले. मनोरे तसेच उभे, घंटा तशाच टांगलेल्या. पण किती तरी गांवांत दोर धरणारा राहिला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, जून १९४० मध्यें, चर्चच्या घंटा वाजविण्यास सरकारनें बंदी केली. शत्रूचे सैनिक छत्र्यांनीं उतरले तरच इशाऱ्यासाठीं त्या वाजवावयाच्या होत्या. १५ नोव्हेंबर १९४२ रोजीं एल अलामेनच्या विजयानिमित्त त्या एक दिवस वाजल्या, आणि १९४३ मध्यें बंदी पूर्णपणें उठली. मध्यंतरीं वादकांनीं हातांतील लहान घंटांवर क्रमांचा सराव चालू ठेविला, म्हणूनच विद्या टिकली. पुढें २०१८ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीस शंभर वर्षें झालीं त्या वेळीं, मृत झालेल्या वादकांच्या संख्येइतके म्हणजे १,४०० नवे वादक तयार करण्याचा संकल्प तेथें सोडण्यांत आला. मृतांचें स्मारक दगडाचें न करितां हातांचें करावें, ही कल्पना मला फार उदात्त वाटते.

हें सर्व परदेशचें झालें. आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्राला या बाबतींत एक मोठा मान आहे. पुण्याच्या गुरुवार पेठेंत पांच हौदांची मिशन म्हणून प्रसिद्ध असलेलें स्थान आहे. १८९० सालीं लोकमान्य टिळक, न्यायमूर्ति रानडे व इतर मंडळींनीं तेथें चहा घेतल्यामुळें पुण्यांत केवढें ग्रामण्य माजलें, हें इतिहासांत आपण वाचलें आहे. त्याच आवारांत पवित्र नाम देवालय आहे आणि त्याच्याजवळ सुमारें १३० फूट उंचीचा स्वतंत्र घंटामनोरा आहे. त्या मनोऱ्यांत लफबरोच्या टेलर यांच्या ओतशाळेंतून आणविलेल्या आठ घंटा असून, त्या इंग्रजी पद्धतीनें क्रम पालटून वाजविण्यासाठीं म्हणून बसविलेल्या आहेत. ग्रेट ब्रिटनच्या बाहेर अशा घंटा फार थोड्या ठिकाणीं आढळतात. आणि पुणें हें तर एके काळीं सायकलींचें शहर म्हणून देशभर प्रसिद्ध होतें! या लेखाच्या दोन्ही विषयांची गांठ त्या शहरांत पडते.

चर्चच्या घंटांची दुसरी एक कथा आपल्या इतिहासाशीं याहूनहि निकट आहे. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. त्या मोहिमेनंतर तेथील चर्चांच्या मोठ्या घंटा मराठ्यांनीं विजयचिन्हें म्हणून आणिल्या व ठिकठिकाणच्या देवळांत अर्पण केल्या. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणविसांच्या वाड्याखालीं कृष्णेच्या घाटावर, अशी एक घंटा आहे; तिच्यावर मातेचें व बाळ येशूचें चित्र असून १७०७ हें साल आहे. भीमाशंकराच्या देवळापुढें दुसरी आहे. नाशिकास गोदेच्या कांठीं नारोशंकराच्या देवळांत तिसरी आहे. तिचा आवाज इतका दणदणीत कीं, फार मोठ्यानें बोलणाऱ्या माणसास 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याची चाल मराठींत पडली.

या घंटांविषयीं विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. युद्धांत जिंकलेलें कांसें वितळवून त्याची तोफ ओतणें हें त्या काळीं कांहीं अपूर्व नव्हतें. आपल्या पूर्वजांनीं या घंटांचें तसें केलें नाहीं. त्यांच्यावरील क्रूस व अक्षरेंहि खरवडून काढिलीं नाहींत. ज्या नादानें एके काळीं वसईचे लोक प्रार्थनेस जमत, त्याच नादानें मेणवलीचे लोक शंकराच्या दर्शनास येऊं लागले. ज्या शाळेंत हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती विद्यार्थी एकाच घंटेला वर्गांत जातात आणि एकाच घंटेला सुटतात, त्या शाळेंत या गोष्टीचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाहीं.

दक्षिणेकडे गोमंतक तर घंटांचें माहेरच होय. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ सालीं पडला. उरलेल्या मनोऱ्यांत 'सोन्याची घंटा' या नांवानें ओळखिली जाणारी प्रचंड घंटा आहे. पणजीच्या चर्चपुढील मोठी घंटा मूळची जुन्या गोव्याच्या आगुस्तिन मठाची. मठ ओस पडल्यावर ती आग्वादच्या दीपगृहांत गेली आणि १८७१ सालीं पणजीस आली. आपल्या जिल्ह्यांतहि सांवतवाडीच्या मिलाग्रिस चर्चला मोठी परंपरा आहे. २००५ सालीं सिंधुदुर्गाचें स्वतंत्र धर्मप्रांत झालें तेव्हां तें त्याचें मुख्य चर्च ठरलें. कॅथॉलिक चर्चांत सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं आंजेलुसची घंटा वाजविण्याची रीत आहे: तीन-तीन टोले तीन वेळां, मधें प्रार्थनेपुरती विश्रांति, आणि अखेरीस नऊ टोले. ही रीत ठाऊक असली, म्हणजे लांबून येणाऱ्या आवाजाचा अर्थ कळूं लागतो.

आतां आपल्या देवगडकडे येऊं. पहिली सफर गिर्यें-विजयदुर्गाची करावी, असें मी सुचवितों. सकाळीं लवकर निघून जामसंड्यावरून वाडातरच्या पुलानें खाडी ओलांडावी आणि वाडें, पडेल या मार्गानें गिर्यें गांठावें. सारें अंतर सुमारें तीस किलोमीटर. मार्गांत घाट्या आहेत; चढणीवर सायकल हातीं धरून चालण्यांत कमीपणा मानूं नये, आणि उतारावर दोन्ही ब्रेक शाबूत असल्यावांचून बसूं नये. मधला सडा ओलांडतांना, सकाळच्या शांत वेळीं, दोन्ही बाजूंच्या कलमांच्या बागांपलीकडून देवळांच्या घंटा ऐकूं येतात. कोणती कोठली हें ओळखण्याचा प्रयत्न करावा.

गिर्यें येथें श्रीरामेश्वराचें देऊळ खोलगट जागीं आहे, आणि जांभा दगड फोडून काढलेल्या वाटेनें त्याच्याकडे उतरावें लागतें. संभाजी आंग्र्यांची समाधि तेथेंच आहे. देवळांत एक मोठी विलायती घाटाची घंटा आहे. पेशव्यांचे आरमारसुभेदार आनंदराव धुळप यांनीं ती पोर्तुगीज जहाजावरून आणिली असें सांगतात. जहाजावरील घंटेचें काम वेळ मोजण्याचें असे. दर अर्ध्या तासास एक टोला वाढत जाई आणि चार तासांचा पहारा संपतां आठ टोले पडत. समुद्रावरील वेळ मोजणाऱ्या घंटांपैकीं एक आज देवाच्या दारीं आली आहे, हें मनांत आणून तिच्यापुढें उभें राहावें.

या सफरींत एक प्रयोगहि करितां येईल. पुजाऱ्यांची परवानगी घेऊन एकानें ठराविक क्षणीं घंटा वाजवावी, आणि दुसऱ्यानें सायकलीवर दूर जाऊन, दोघांचीं घड्याळें आधीं जुळवून, नाद किती सेकंदांनीं पोंचला हें टिपावें. आवाज हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो; तेव्हां एक किलोमीटरावर तो सुमारें तीन सेकंदांनीं पोंचला पाहिजे. वाऱ्याची दिशा, झाडी व टेकडी यांमुळें तो कोठें क्षीण होतो, हें नकाशावर मांडलें, तर प्रत्येक घंटेच्या नादाचा मुलूख किती आहे हें कळेल. दुसऱ्या सफरीस कुणकेश्वर घ्यावें. तेथें समुद्राची गाज व घंटा यांची स्पर्धा ऐकावयास मिळेल. पावसाळ्यांत मात्र या सफरी करूं नयेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

नियम थोडेच आहेत. परवानगीवांचून कोणत्याहि धर्मस्थानाच्या घंटेस हात लावूं नये. पूजा किंवा प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावें. लोलक हळूवार हालवावा, दगडानें किंवा लोखंडानें घंटा कदापि ठोकूं नये. घंटेच्या तड्यावर सोपा उपाय नाहीं. आणि प्रत्येक ठिकाणीं नोंदवहींत तीन गोष्टी लिहाव्या: घंटेवरील अक्षरें व साल, ती कोण वाजवितो, आणि त्याला ती वाजविण्यास कोणीं शिकविलें.

या तिसऱ्या प्रश्नावर माझा विशेष भर आहे. आज पुष्कळ देवळांत आरतीच्या वेळीं विजेवर चालणारें यंत्र नगारा व घंटा वाजवितें. कळ दाबली कीं काम झालें. यंत्र थकत नाहीं, चुकत नाहीं. परंतु गांवांतील जो मुलगा पूर्वीं आरतीला धांवत येऊन दोर धरी, त्याची जागा त्यानें घेतली आहे, आणि पुन्हां कधीं हातानें घंटा वाजविण्याचा प्रसंग आला तर ताल धरणारा कोणी असेल काय, ही शंका आहे. १,४०० माणसें गमाविल्यावर इंग्रजांना जें उमगलें, तें आपणांस कोणी न गमावितां उमगेल तर बरें.

म्हणून, मित्रहो, येत्या नाताळच्या सुटींत सायकलींच्या सांखळ्यांना तेल द्या, टायरांत हवा भरा, आणि आठजणांची एक टोळी करून निघा. गिर्याच्या देवळांत पोंचल्यावर प्रत्येकानें एकच टोला द्यावा, त्याचा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबावें, आणि मग दोर पुढच्याच्या हातीं द्यावा. आठवा टोला विरल्यावर परत फिरावें. घरीं पोंचेपर्यंत तो कानांत राहील.